उन्हाचा वाटा

माझ्या खिडकीच्या तिसऱ्या गजाला एका जागी कधी रंग टिकला नाही. रंगारी यायचा, घासायचा, हिरवा रंग चढवायचा, आणि काही महिन्यांत ती वीतभर जागा परत उघडी पडायची, लोखंड चकचकीत. यंदा तो आला, बघून म्हणाला, "अम्मा, ह्या खेपेला रंग छान बसलाय बघा." मी "सरी, बरं" म्हटलं आणि आत जाऊन बसले. रंग बसणारच. तो उडवणारा हात आता नाही.

तो हात सुभानअण्णांचा. बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. आमची दोन्ही घरं जुनी मराठी, कुठल्या काळात कुणाच्या फौजेबरोबर इथं आली ते आता आम्हालाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याची माणसं ऐकून हसतात. हसू देत. सुभानअण्णा मला अक्का म्हणायचे, मी त्यांना अण्णा. दोघांतलं वयानं मोठं कोण हे आम्ही कधी काढलंच नाही.

अण्णा टँकर चालवायचे. डिझेलचा. शहराबाहेरच्या डेपोतून भरायचा आणि पंपांवर नेऊन रिता करायचा. माणूस उंच, खांद्यात किंचित वाकलेला, मिश्या पांढऱ्या पण टोकाला बिडीचा पिवळेपणा नाही, कारण बिडी त्यांनी जन्मात ओढली नाही. अंगात कायम सुती. टेरिलीनचा शर्ट कुणी भेट दिला तर ते तो हातात न घेता लांबून नमस्कार करायचे. "ठिणगीचं कापड आहे ते," म्हणायचे. कामाचे कपडे अंगावर असेतो देवापुढं दिवा लागत नसे. ते आंघोळ करून, लिंबाच्या सालीनं हात चोळून बाहेर आले की मग शेवंताबाई निरांजन लावायच्या. लिंबानं वास जायचा नाही तो नाहीच. शेवंताबाई म्हणायच्या, "लोकांचे नवरे अत्तरं बदलतात, आमच्याकडं एकच."

आणि ती भुईची सवय. टँकरला हात लावायच्या आधी अंगातली वीज जमिनीत जाऊ द्यायची असते म्हणे. तशी शिकवणच असते त्या धंद्यात. पण अण्णांनी ती शिकवण डेपोत ठेवली नाही, घरी आणली. कामावरून आले की कुणालाही हात लावायच्या आधी ते वाकून जमिनीला हात लावायचे. गुडघे दुखायला लागल्यावर वाकणं जमेना, तेव्हा माझ्या खिडकीचा गज धरायचे. गल्लीच्या तोंडाशी पहिलं लोखंड तेच. मी खिडकीत मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली असे. गज वाजला की समजायचं, अण्णा आले.

"आधी भुई, मग माणूस," म्हणायचे.

माझी नात झाली, तिच्या बारशाला ते थेट कामावरून आले. सगळे म्हणतायत घ्या, घ्या बाळाला, आणि हा माणूस दारातच थांबलेला. गज धरला, मग जमिनीला हात लावला, परत गज धरला, तेव्हा कुठं बाळ घेतलं. शेवंताबाई मागून म्हणाल्या, "बघा अक्का, हात आधी तुमच्या खिडकीला, मग बायकोला. मी तर ह्या खिडकीला सवतच मानते." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. बाळाच्या टाळूवर बोट ठेवून बघत राहिले, ठिणगी पडली नाही ना म्हणून.

इतका जपणारा माणूस. म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

डेपोत टँकर पहाटेच्या गारव्यात भरतात. आत पितळी काठी बुडवतात, काठीवर खूण असते, तेल तिथवर आलं की झालं. मग टँकर निघतो, दुपारी ऊन चढतं आणि तेल फुगतं. दूध उतू जातं ना, तसं नाही, पण फुगतं. दुपारी काठी बुडवली तर तेल खुणेच्या स्वल्प वर. आता हे वरचं कुणाचं? डेपोनं खुणेपर्यंत दिलं. पंपवाला खुणेपर्यंत मागणार. मधलं हे बोट-अर्धं बोट सूर्यनारायणानं दिलं. म्हणून ते ड्रायव्हरचं. त्या लोकांत त्याला 'उन्हाचा वाटा' म्हणत. रस्त्यात एका मोठ्या चिंचेखाली टँकर थांबायचे. तिथं एक माणूस असायचा, त्याचं नाव कुणी घेत नसे, चिंचेखालचा म्हणायचे. तो टाकीची कुलपाची तार सोडायचा, वरचं तेल डब्यात काढायचा, आणि तार पुन्हा अशी पिळायचा की बघणाऱ्याला कळू नये. डावखुरा होता. त्याचा पीळ उलटा पडायचा.

हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि लपवून नाही, अभिमानानं. "अक्का, मी थेंब चोरत नाही. मोजून घेतलं तेवढं मोजून देतो. वरचं देवाचं."

आणि देवाचं ते देवालाच द्यायचे, हेही खरं. आमच्या भवानीच्या देवळात नवरात्रात करंट जायचा. जनरेटरला डिझेल अण्णांचं. गोंधळ चालू असताना दिवे गेले आणि तो जनरेटर फडफडून सुरू झाला की बायका आरतीत मध्येच अण्णांकडं बघायच्या. देवळाचे अध्यक्ष हार घालायचे. उन्हाचा वाटा देवीला, ह्यात कुणाला काय वावगं दिसणार? गल्लीत कुणालाच दिसलं नाही.

पण ऊन बारा महिने कुठं असतं? आषाढात बेंगळूरचं आभाळ दिवसभर घोंगडी पांघरून. तेल फुगत नाही. तरी टँकर चिंचेखाली थांबायचेच, कारण पाय तिकडं वळायला शिकलेले. मग चिंचेखालचा डबा भरून घ्यायचा आणि कमी झालेलं रंगात मिसळायच्या कसल्यातरी पातळ तेलानं भरून काढायचा. खूण जुळली म्हणजे झालं. मी एकदा विचारलं, "पावसाळ्यात कसला हो उन्हाचा वाटा?"

अण्णा म्हणाले, "मी पावसाळ्यात नाही घेत."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं बाकीचे बघतील, अक्का."

त्यांच्यावर माझा विश्वास होता. अजून आहे. पावसाळ्यात ते घेत नसतील. पण थांबायचे. चहा प्यायचे. बघायचे.

हंसा त्यांची एकुलती एक. काळीसावळी, तरतरीत, शाळेपासून वायरी, बल्ब, मोटारी ह्यांत रमलेली. शेवंताबाई म्हणायच्या, बाप तेलाचा, लेक करंटची, माझ्या घरात माणूस कोणच नाही. हंसा इंजिनिअरिंगला असताना शेवंताबाईंचं दुखणं वाढलं. फुप्फुसं. शेवटी जवळच्याच एका नर्सिंग होममध्ये ठेवलं, श्वासाच्या मशीनवर. पावसाळा होता. मी डबा घेऊन गेले होते. दुपारी करंट गेला.

असं होतं, होतच असतं. खालून जनरेटरचा आवाज आला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मग जनरेटर खोकला. परत सुरू झाला, परत खोकला, आणि बंद. श्वासाची मशीन किंचाळायला लागली. नर्स धावत आली, तिनं मशीनची नळी काढून रबरी पिशवी लावली, हातानं दाबायची. तिला दुसऱ्या पेशंटकडं जायचं होतं. तिनं हंसाचे हात पिशवीवर ठेवले, "दाबा, सोडा, दाबा, सोडा, थांबू नका" म्हणाली आणि गेली. हंसा दाबत राहिली. मी मध्ये घेते म्हटलं तर मान हलवली. करंट येईपर्यंत तिनं ती पिशवी सोडली नाही. आईकडं बघत नव्हती, पिशवीकडंही नाही, भिंतीवरच्या विझलेल्या ट्यूबलाइटकडं बघत होती.

अण्णा पोचले तेव्हा दिवे आलेले होते. खाली मेकॅनिकनं जनरेटरचं फिल्टर काढून एका ताटलीत ठेवलं होतं. अण्णा वाकले. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. मी त्यांचं तोंड बघितलं. त्या पातळ तेलाचा वास त्यांना अनोळखी नव्हता.

शेवंताबाई त्या दिवशी वाचल्या. गेल्या त्या पुढं थंडीत, आपल्या दुखण्यानं, घरात, शांतपणे. पण हंसासाठी त्या त्याच दुपारी गेल्या असाव्यात. दिवस झाल्यावर पाहुणे पांगले, मी भांडी आवरत होते, तेव्हा तिनं विचारलं.

"अप्पा, नर्सिंग होमचं डिझेल कुठून आलं होतं?"

"पंपावरून."

"पंपावर कुठून?"

अण्णा म्हणाले, "माझ्या टँकरचं नव्हतं, हंसा. तुझ्या आईची शपथ."

"तुमच्या टँकरचं नसेल," ती म्हणाली. "कुणाच्या तरी अप्पांच्या टँकरचं असेल."

एवढंच. आवाजही चढवला नाही. भांडण झालं असतं तर मी मध्ये पडले असते. ह्यात कुठं पडायचं?

नोकरी लागली तशी तिनं एचएसआर लेआउटला खोली घेतली. कामाला जवळ पडतं, म्हणाली. जवळ पडतच होतं, खोटं नव्हतं. बॅटरीवर चालणाऱ्या बसगाड्यांना जिथं चार्जिंग करतात, तसली आवारं उभारणारी कंपनी. सणाला यायची, जेवायची, भांडी घासायची, जायची. निघताना वडिलांचा हात डोक्यावर यायच्या आधी ती चपला घालायला वाकलेली असायची.

एका गौरीच्या जेवणाला मी होते. अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची उसळ केली होती, बिनमोसमाची, कुठून आणली होती अण्णांनी कोण जाणे, तिला आवडते म्हणून. अण्णांनी विषय काढला, म्हणाले, "अग, एवढ्या मोठ्या देशाला माझ्या एका डब्यानं काय होतं? समुद्रातून तांब्याभर काढलं."

हंसानं घास ठेवला. "समुद्र आपला नाही, अप्पा. आपल्याकडं तेल उगवतंच किती? जहाजं भरून बाहेरून येतं. तिकडं कुणाची कुणाशी भांडणं लागली की इकडं टाक्या आटतात. म्हणून साठा ठेवतात. आजी कणगीत धान्य ठेवायची तसा, वाईट दिवसासाठी. आता कणगीला खालून उंदीर लागले, तर वरून बघणाऱ्याला काय कळणार किती उरलंय? तो म्हणणार भरपूर आहे. वाईट दिवस आल्यावर झाकण उघडणार."

अण्णा म्हणाले, "मी उंदीर?"

हंसा म्हणाली, "उसळ चांगली झालीय."

त्या दिवसापासून अण्णांना एकच हवं होतं. पैसा नको, मान नको, देवळातला हार तर नकोच, त्या वर्षापासून त्यांनी तो घेतला नाही. लेकीनं एकदा म्हणावं, माझे अप्पा चोर नाहीत. खिडकीशी उभे राहून मला विचारायचे, "तुम्ही सांगा अक्का, ऊन कुणाचं असतं?" मी मशीन चालवत राहायची. ऊन कुणाचंच नसतं, पण फुगलेलं तेल दुसऱ्याचं होतं, एवढं मला शिवणातूनही कळतं. गिऱ्हाइकाचं कापड धुतल्यावर ताणलं गेलं तर ताणलेलं कापड शिंप्याचं होत नाही. हे मी त्यांना म्हटलं नाही. मनात म्हटलं.

ते निवृत्त झाले. टँकरला म्हणे इलेक्ट्रॉनिक कुलपं आली, कुठं थांबला, किती वेळ थांबला, सगळं ऑफिसात दिसायला लागलं. चिंचेखालच्याची चूल विझली, अण्णा म्हणाले, आणि थोडे हसले. मला वाटलं, चला, संपलं.

हंसाच्या आवाराचं उद्घाटन झालं तेव्हा तिनं आम्हा दोघांनाही बोलावलं. वडिलांना तिनं आपणहून बोलावलेलं मी प्रथमच बघत होते. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडं, होसूर रोडच्या कडेला, मोठं मैदान, कुंपण, आणि ओळीनं उभे पांढरे खांब. खांबांना काळ्या जाड केबली, म्हशीच्या शेपट्यांसारख्या. कपडे शिवायच्या कारखान्यांत बायकांना नेणाऱ्या बसगाड्या तिथं रात्रभर चार्ज होणार आणि सकाळी सुटणार. धूर नाही, आवाज नाही. हंसा सगळं दाखवत होती, कपाळावर घाम, तोंडावर हसू. म्हणाली, "घ्या अप्पा, पहिली केबल तुम्ही लावा."

अण्णा पुढं झाले. आणि गुडघ्यावर हात देत, कण्हत, खाली वाकले, जमिनीला तळवा टेकवला.

"अप्पा, ह्याला नाही लागत ते!"

"असू दे. आधी भुई."

ती हसली. कितीतरी वर्षांनी मी तिला त्यांच्याकडं बघून हसताना बघितलं. परतीच्या बसमध्ये अण्णा पूर्ण वाट खिडकीबाहेर बघत होते. फ्लायओव्हर उतरताना म्हणाले, "आवाजच नाही हो अक्का त्या गाडीला. पोटातलं बाळसुद्धा उठणार नाही."

मग केबली गेल्या.

एका सकाळी हंसाचा फोन आला, अण्णांना नव्हे, मला. "मावशी, सगळ्या केबली कापून नेल्या. तांब्यासाठी." बसगाड्या उभ्या. कारखान्याच्या बायका रस्त्यावर ताटकळल्या, उशिरा पोचल्या, त्यांचा अर्धा दिवस कापला. कंपनीनं नव्या केबली लावल्या, परत गेल्या. पहारेकऱ्याला काही दिसलं नाही. कारखान्याचे मालक म्हणायला लागले, बॅटरीचं काम भरवशाचं नाही, डिझेलच्याच गाड्या बऱ्या. आणि बायकाही तेच म्हणायला लागल्या, ते हंसाला जास्त लागलं.

अण्णा म्हणाले, मला बघायचंय. मी बरोबर गेले. ते खांबांकडं गेलेच नाहीत, कुंपणाच्या कडेनं चालत राहिले. एका कोपऱ्यात थांबले. जाळी तिथं कापून, माणूस आत जाऊन आला की पुन्हा तारेनं बांधून टाकलेली होती, नीट, लांबून कळणार नाही अशी. अण्णांनी त्या तारेच्या पिळावरून बोट फिरवलं. उलटं फिरवलं. मग ते त्या जाळीला धरून तसेच उभे राहिले.

"डिझेल बंद झालं म्हणून इकडं वळला," म्हणाले. "आम्हीच पोसला त्याला, अक्का. मोठा केला. हत्यारं आमच्या तेलावर घेतली त्यानं."

आता बघा, ही सगळी गोष्ट इथंच अडकली होती. तो पीळ कुणाचा हे अण्णांनी सांगायचं, तर तो आपण कशावरून ओळखतो हेही सांगायला लागणार. न सांगावं, तर लेकीचं काम बुडतं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, धुतलेलं सुती धोतर-सदरा घालून माझ्या दारात उभे. "चला अक्का. एकट्याच्यानं होणार नाही."

हंसाच्या ऑफिसात काचेची खोली. तिचा साहेब तरुण, उत्तरेकडचा, हिंदी आणि इंग्रजी बोलणारा, पण वागायला सभ्य. स्वतः खुर्च्या ओढून दिल्या. अण्णा बसले नाहीत. मराठीत हंसाला म्हणाले, "मी सांगतो तसं सांग साहेबाला. कुंपणाचा पीळ चिंचेखालच्याचा आहे. जागा मी दाखवतो. मला ठाऊक आहे कारण मी त्याच्याकडं थांबायचो. मी तेल काढू द्यायचो. चोरी करायचो."

चोरी. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तोवर ऐकला नव्हता. वाटा, देवाचं, वरचं, उन्हाचं, काय काय म्हणायचे, हे कधीच नाही.

हंसा साहेबाकडं वळली. इंग्रजीत बोलली. मला इंग्रजी येतं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं, पण तिनं काय सांगितलं ते मला कळलं: वडिलांनी ह्या रस्त्यावर खूप वर्षं गाडी चालवली, त्यांना इथली माणसं ठाऊक आहेत. संपलं. जो शब्द तिला इतकी वर्षं त्यांच्या तोंडून ऐकायचा होता, तो आला, आणि तिच्या हातून पलीकडं देववला नाही.

अण्णा तिच्याकडं बघत होते. त्यांना इंग्रजी माझ्यापेक्षाही कमी. पण बापाला कळतं.

"पूर्ण नाही सांगितलंस," ते म्हणाले.

"अप्पा, बस झालं. एवढं पुरे त्यांना."

"मग मी सांगतो." आणि साहेबाकडं तोंड करून, आपल्या मोडक्या हिंदीत, डेपोत वरिष्ठांपुढं उभे राहत असतील तसे उभे राहून म्हणाले, "साब, हमने चोरी किया. इसलिए मालूम है. बेटी को शरम आता है, इसलिए बोला नहीं."

साहेबानं पेन खाली ठेवलं. हंसा उठून बाहेर गेली.

वाटत असेल, आता पुढं चिंचेखालचा सापडला असेल, केबली परत आल्या असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पोलीस अण्णांना बरोबर घेऊन चिंचेपाशी गेले. चिंच होती. तिच्याखाली तेलानं काळी पडलेली जमीन होती, गवतसुद्धा न उगवणारी. माणूस नव्हता. कुणीतरी आधीच सांगितलं असणार. अण्णांच्या जबाबावरून दोन जुने ड्रायव्हर तेवढे चौकशीत सापडले, दोघंही नातवंडंवाले. त्यानंतर ड्रायव्हर लोकांनी अण्णांशी बोलणं टाकलं. देवळातही त्यांच्या शेजारी कुणी बसेना. ज्यांनी हार घातले तेच म्हणायला लागले, तरी आम्हाला वाटायचंच. आमच्या देवळातलं डिझेल चोरीचं होतं हे जणू त्यांना पेपरातून कळलं!

केबली आणखी एकदा गेल्या. ह्या खेपेला जाळी बांधण्याचेही कष्ट कुणी घेतले नव्हते. कारखान्यानं डिझेलच्या बसगाड्या परत आणल्या, जुन्या, काळा धूर ओकणाऱ्या. कंपनीनं त्या बाजूचं काम थांबवलं. हंसाची बदली हैदराबादला झाली. जायच्या दिवशी ती आली होती. बॅग दारात, टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी. मी खिडकीतच होते. अण्णांनी माझा गज धरला. नुकती आंघोळ करून आलेले, निवृत्त होऊन इतके दिवस झालेले, अंगात कसली ठिणगी उरणार? पण धरला. हंसा ह्या खेपेला चपला घालायला वाकली नाही, थांबली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली का, अप्पा चोर नाहीत? नाही म्हणाली. आणि त्यांनी ते परत कधी मागितलंही नाही. मागायची जागाच त्यांनी स्वतः त्या काचेच्या खोलीत बुजवून टाकली होती.

पुढं अण्णांनी एक विचित्र गोष्ट केली. त्या बंद आवाराला दिवसाचा पहारेकरी हवा होता, ते लागले. ह्या वयात, चामराजपेटेहून इतक्या लांब, दोन बसा बदलून. मी म्हटलं, "कशाला? तिथं राखायला उरलंय काय?"

"खांब आहेत की," म्हणाले. "खांब राहिले तर केबली कधीही लावता येतात."

मी एकदा डबा घेऊन गेले त्यांच्यासाठी. तेच शेवटचं बघणं म्हणायचं, कारण त्यानंतर उन्हाळा संपता संपता ते झोपेतच गेले, आणि गेलेल्याचं तोंड बघणं मी मोजत नाही.

चैत्रातली दुपार. मैदानात गवत वाढलेलं. पांढरे खांब धुळीनं पिवळे, केबली कापलेल्या जागी तोंडं उघडी. अण्णा एका खांबाच्या चतकोर सावलीत स्टुलावर. "बन्नी अक्का, या," म्हणाले, उठून मला स्टूल दिलं आणि स्वतः चवड्यांवर बसले. रस्त्यानं टँकर गेला तर न बघता सांगायचे, "भरलेला. रिकामा असा वाजत नाही." आम्ही जेवलो. हंसाचा फोन रविवारी येतो म्हणाले. काय बोलते? "हवापाणी." मग डब्याचं झाकण लावत, "विचारते, टोपी घालता का म्हणून. उन्हात."

तेवढ्यात फाटकाशी एक रिक्षा आली, बॅटरीवरची. आली म्हणजे ड्रायव्हर ती ढकलत आला. आत एक बाई आणि तिची भाजीची टोपली. ड्रायव्हरनं खांब बघितले, त्याचा चेहरा उजळला.

"यजमानरे, चार्ज?"

"इल्लप्पा," अण्णा म्हणाले. "करंट नाही इथं."

"मग हे खांब कशाला उभे केलेत? शोभेला?"

बाईनं आतून कपाळाला हात लावला. रिक्षावाला घाम पुसत म्हणाला, "पेट्रोलची होती तेच बरं होतं. सगळे सांगत होते, ही घेऊ नकोस, बॅटरीचा भरवसा नाही. मीच ऐकलं नाही." आणि परत ढकलायला वळला. पुढच्या चार्जिंगपर्यंत चढ होता, फ्लायओव्हरखालचा.

अण्णा उठले. मी म्हटलं, "अहो, तुमचे गुडघे!" ऐकलं नाही. फाटकाबाहेर गेले. रिक्षाच्या मागं उभे राहिले, आणि हात लावायच्या आधी, कण्हत, एक हात गुडघ्यावर देत, खाली वाकून तापलेल्या डांबरावर तळवा टेकवला. चटका बसला असणार. लगेच काढला नाही.

मग रिक्षाला दोन्ही हात लावले. ती हलली. ड्रायव्हर बाजूनं, हे मागून. आवाजच नव्हता तिला. चढावर त्यांची पाठ लहान लहान होत गेली, सदरा घामानं चिकटलेला. टोपी स्टुलाशेजारी राहिली होती. मी ती हातात घेऊन फाटकाशी गेले, हाक मारली, पण वाहनांच्या गोंगाटात त्यांना ऐकू गेलं नसावं. ऊन सरळ डोक्यावर पडत होतं.